छपरावरचा थोरला आणि गोठ्यातल्या बाईसाहेब

तीर्थस्वरूप सौ. वहिनी यांस,

धाकट्या दिराचा कमरेतून जमेल तितका वाकून नमस्कार. (जमेल तितकाच का, ते पुढे ओघानं येईल. बाईसाहेबांची लाथ नेमकी कमरेला लागली.)

तिकडे तुमची, माझ्या पुतणीची आणि जावईबापूंची तब्येत ठणठणीत असेल असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे आधीच लिहून टाकतो, कारण आत्यानं बजावलंय की पत्रात रडगाणं गायचं नाही, सूनबाईला वाटायला नको की आपल्यावाचून या घरातलं पान हलत नाही. तर पान व्यवस्थित हलतंय. तुम्ही अगदी सावकाश या. लेकीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसा, आयता चहा घ्या, पाय वर घ्या. पत्र लिहायचं कारण एवढंच की चहाची मोठी गाळणी सापडत नाही. सध्या आम्ही चहा तसाच पितो आणि तळाशी उरलेला चोथा दादा कुणाचं लक्ष नसताना खिडकीतून बाहेर फेकतो. परवा तो फेकायला आणि कोंबडी तिथे यायला एकच गाठ पडली. कोंबडी अजून त्या खिडकीखालून जात नाही. गाळणी कुठे ठेवलीत तेवढं कळवा, म्हणजे पत्राचं काम झालं.

आता काम झालंच आहे आणि कागदही बराच उरलाय, म्हणून इकडची थोडी हकीकत लिहितो. काळजी करण्यासारखं त्यात काही नाही. फक्त बाईसाहेबांनी दूध देणं बंद केलंय.

तुम्ही म्हणाल, आजारी आहे का? तसं काही नाही. खाते, पिते, रवंथ करते, माझ्याकडे तुच्छतेनं बघते, सगळं पूर्वीसारखंच. कासही भरलेली असते. पण मी बादली घेऊन खाली बसलो की पान्हा चोरते. आत्या म्हणाली, उगाच घरगुती उपाय करू नका, डॉक्टरांना बोलवा. गुरांचे डॉक्टर आले, त्यांनी तिला पुढून मागून तपासलं आणि मला म्हणाले, सगळं पहिल्यापासून सांगा. मला कुणी पहिल्यापासून सांगा असं म्हटलं की काय होतं, हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी आधी बॅग खाली ठेवली, मग घड्याळ बघितलं, आणि शेवटी पेंडीच्या पोत्यावर बसून घेतलं.

मी सांगितलं की ही गाय पहिल्या वेतापासूनच अशी. त्या वेळीही धार काढू द्यायची नाही. एकदा घरातला दिवा गेला म्हणून तुम्ही आत्याला पुस्तक वाचून दाखवायला गोठ्याच्या दारात येऊन बसलात, पालथ्या बादलीवर, आणि तुम्ही वाचायला लागल्याबरोबर बाईसाहेबांनी मान खाली घालून असा पान्हा सोडला की माझी बादली भरून वाहिली. तेव्हापासून आपल्याकडे हा रोजचा कार्यक्रम आहे. तुम्ही बादलीवर बसून वाचणार, मी धार काढणार, आत्या दारात मटार सोलत ऐकणार, आणि दादा कोपऱ्यात पेंड कालवत, असल्या फालतू गोष्टींना आपल्याकडे वेळ नाही हे दाखवायला घमेलं आपटणार. पुस्तकही कायम एकच. मध्यंतरी तुम्ही दुसरं एक रडकं पुस्तक आणून बघितलंत तर तिनं बादलीत पाय घातला होता. डॉक्टरांनी विचारलं, पुस्तकाचं नाव काय? मी म्हटलं, ते कुणालाच ठाऊक नाही, सुरुवातीची पानं आमच्या घरात येण्याआधीच गेली होती. एका शेतावरच्या कुटुंबाची गोष्ट आहे, विनोदी आहे, आणि त्या कुटुंबात सगळे एकजात तिरपागडे आहेत. (इथे डॉक्टर आत्याकडे बघून हसले. आत्या हसली नाही.)

मग नवव्या प्रकरणाचंही सांगावं लागलं. त्यातला घरातला थोरला, छप्पर आपण स्वतःच नीट करणार म्हणून वर चढतो. बायको सांगत असते की कारागीर बोलवा. हा ऐकत नाही, उलट तिलाच चार शब्द सुनावतो. ती सरळ शिडी उचलते आणि आत नेऊन ठेवते. मग हा गृहस्थ दिवसभर छपरावर. पण शिडी मागेल तर शपथ. खालून शेजारी विचारतो, वर काय करताय? हा म्हणतो, हवा छान आहे, म्हणून बसलोय. खाली जेवणं होतात, ताटांचा आवाज वर जातो, हा म्हणतो, आज भूकच नाही. पाऊस येतो तेव्हा म्हणतो, किती पडतो ते बघायला कुणीतरी वर असायलाच हवं. दरवर्षी हे प्रकरण आलं की आत्या मटार बाजूला ठेवून म्हणते, मेल्या, माग की एकदा शिडी. तो काही मागत नाही. शेवटी बायकोलाच दया येते आणि ती आपण होऊन शिडी लावते.

डॉक्टर म्हणाले, बरं, मग बिघडलं कुठे? आता आली का पंचाईत. घरातली गोष्ट बाहेरच्या माणसाला किती सांगायची? मी अगदी थोडक्यात सांगितलं. (म्हणजे सगळी सांगितली.) की यंदा नववं प्रकरण यायच्या आठवड्यातच दादानं विहिरीवरचा पंप स्वतः खोलला. तुम्ही आणि मी दोघं सांगत होतो की मेकॅनिकला बोलवा. दादानं पंप खोलला, साफ केला, परत जोडला, एक मोठा नट हातात उरला तो खिशात टाकला आणि बटण दाबलं. पुढे जे कारंजं उडालं ते शेजारच्या शेतातूनसुद्धा दिसलं. शेजारी कुंपणाशी येऊन विचारायला लागला तर दादा त्या पाण्याखाली उभा राहून शांतपणे म्हणाला, आंघोळ करतोय. आणि नेमकं त्याच संध्याकाळी नववं प्रकरण आलं. शेजाऱ्याच्या प्रश्नाशी तुम्ही थांबलात, हसलात, पुस्तकात बोट घालून ते मिटलंत आणि दादाकडे बघून एवढंच म्हणालात की हे कुणाचं वर्णन आहे ते सांगायला नको. आत्या हसली. मी हसलो. मला तर वाटतं बाईसाहेबांचंही अंग जरा हललं. दादानं घमेलं खाली ठेवलं आणि म्हणाला, एवढं आवडतंय तर त्या पुस्तकातच जाऊन राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बॅग भरलीत, वर ते पुस्तक ठेवलंत आणि लेकीकडे जरा राहून येते म्हणून निघालात. दादा फाटकापर्यंत बॅग घेऊन आला. बॅग जड होती का, असं आत्यानं नंतर विचारलं तर म्हणाला, बघितली नाही.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, बाईसाहेबांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, हिला काही झालेलं नाही, ही वाट बघतेय. तर कोपऱ्यातून दादाचा आवाज आला, गाय कसली वाट बघते. डॉक्टर म्हणाले, बरोबर आहे तुमचं, गाईला कुठलं एवढं कळायला. आणि फी न घेता गेले. ती न घेण्याची त्यांची पद्धत मला जरा लागली.

पण वहिनी, आम्ही हात बांधून बसलो असं समजू नका. प्रयत्नांत कसूर केली नाही. पहिल्यांदा मी स्वतःच ती गोष्ट तोंडी सांगून पाहिली. मला वाटायचं की मला ती पाठ आहे. सांगायला लागल्यावर कळलं की मला फक्त विनोद आठवतात, मधली माणसं आठवत नाहीत. कोण कुणाचा मेहुणा यात मी असा अडकलो की बाईसाहेबच बसल्या. मग रेडिओ लावला. गाणं सुरू होतं तोवर तिनं चार धारा दिल्या, मी आत्याला हाक मारणार इतक्यात बातम्या लागल्या आणि तिनं शेपटी माझ्या तोंडावर मारली. त्यानंतर कोपऱ्यावरच्या निवृत्त मास्तरांना विनंती केली. मास्तर फार हौसेनं आले, इस्त्रीचे कपडे घालून. त्यांनी शेतीच्या मासिकातला खतांवरचा लेख निवडला. प्रत्येक वाक्य वाचायचं, मग त्याचा अर्थ समजावून सांगायचा, मग बाईसाहेबांकडे बघून विचारायचं, आलं लक्षात? बाईसाहेबांनी डोळे मिटले. एवढ्यावर निभावलं असतं, पण डोकं गाईच्या पोटाला टेकलेलं असल्यामुळे माझाही डोळा लागला, आणि विद्यार्थी झोपले तर मास्तरांना अजूनही फार राग येतो. रस्त्यात भेटले तर ते आता माझ्याकडे बघत नाहीत.

शेवटचा उपाय आत्याचा. तिचं म्हणणं, जनावर वासावर जातं. तुमचा तो जांभळा स्वेटर, ज्याचं एक बटण नाही आणि जो टाकून द्या म्हणून दादा ओरडत असतो, तो शोधला तर खुंटीवर नव्हता. सगळं घर पालथं घातलं. मिळाला दादाच्या उशीखाली. दादा म्हणाला, उशी बसली होती, उंची कमी पडत होती. असेल बुवा. तर तो स्वेटर मी घातला, डोक्याला तुमच्यासारखाच रुमाल बांधला आणि गोठ्यात गेलो. आणि वहिनी, बाईसाहेब उठून उभ्या राहिल्या. त्यांनी माझा खांदा हुंगला, बाही चाटली, मानेनं मला असं जवळ ओढलं की खरं सांगतो, मला स्वतःविषयी जरा बरं वाटायला लागलं. मग मी तोंड उघडलं. माझा आवाज ऐकून तिची जी काही निराशा झाली ती सगळी तिनं मागच्या पायात आणली. मी बादलीसकट दाराबाहेर पडलो, आणि दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर नेमका तिथे उभा. स्वेटर, रुमाल, वर चिखल. तेव्हा तो तसाच गाडीत जाऊन बसला. पण आता रोज गाडी थांबवतो आणि मला म्हणतो, नमस्कार वहिनी, आज दूध आहे का?

दादाचं विचाराल तर तो उत्तम आहे. त्याला काही फरक पडलेला नाही, असं तो स्वतःच जेवताना सांगतो. सकाळी उठून चहा करतो, दोन कप भरतो, मग त्या दुसऱ्या कपाकडे बघत बसतो. आत्या म्हणाली, हा कुणाचा? तर म्हणाला, माझाच, मला हल्ली दोन लागतात, आणि गार झालेला दुसरा कप डोळे मिटून पिऊन टाकला. तुमच्या गुलाबांना कुणी पाणी घालत नाही. म्हणजे घालायचं असं कुणी ठरवलेलं नाही. पण दादा रोज संध्याकाळी हातपाय धुवायला म्हणून बादली घेऊन जातो आणि रोज त्या वाफ्यापाशीच त्याच्या हातून पाणी सांडतं. पंपासाठी त्यानं मेकॅनिकही बोलावला. स्वतः लांब उभा राहिला आणि एक शब्द बोलला नाही. आत्याला तेव्हापासून त्याची काळजी वाटते.

मग दादानं जाहीर केलं की दूध न देणारी गाय ठेवून काय करायचं, विकून टाकू. आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही परत याल आणि गोठ्यात बाईसाहेब नसतील, मग तुम्ही पुन्हा बॅग भरायला कितीसा वेळ लावाल, हा तिचा हिशेब. व्यापारी आला, अंगापिंडानं भक्कम गाय बघून खूशही झाला. आणि विकायला निघालेल्या दादानं बोलायला सुरुवात केली. म्हणाला, लाथ मारते. माझ्या भावाची कंबर बघा. (मला वळून दाखवावी लागली.) म्हणाला, दावं तोडते, वाळत घातलेले कपडे खाते, उन्हाळ्यात रुसते, हिवाळ्यात शिंकते. व्यापारी म्हणाला, चालेल, मी किंमत कमी धरतो. दादाचा चेहरा पडला. मग जरा थांबून म्हणाला, तसं बघायला गेलं तर गाय माझी नाहीच, घरच्या बाईंची आहे, त्या घरी नाहीत, त्यांना विचारल्याशिवाय मला दोरीलाही हात लावता येत नाही. व्यापारी म्हणाला, मग मला बोलावलंत कशाला? दादा म्हणाला, हवा छान होती, म्हटलं या जरा.

वहिनी, त्याचं त्यालाही ते लगेच कळलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आत्या पटकन आत गेली आणि मी कंबर धरून तिच्यामागे.

आता एकच सांगायचं राहिलं. ते सांगावं की नाही याचा मी फार विचार केला. परवा पहाटे मला जरा लवकर जाग आली (कंबर), तर गोठ्यात बोलण्याचा आवाज. मी दाराआड उभा राहिलो. आत दादा होता. तुमच्या पालथ्या बादलीवर बसलेला, हात गुडघ्यांवर, समोर बाईसाहेब, आणि हा माणूस नववं प्रकरण म्हणत होता. पुस्तकाशिवाय. शब्दन् शब्द. आयुष्यभर घमेलं आपटत ज्यानं हे पुस्तक कधी ऐकलं नाही, त्याला ते आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त पाठ आहे. शेजाऱ्याचा तो नाकातला आवाज तुम्ही काढता तसाच काढला. मला हसू आवरेना, मी तोंडावर हात धरला. मग ते वाक्य आलं, हवा छान आहे, म्हणून बसलोय, आणि दादा थांबला. मला वाटलं विसरला. विसरला नव्हता. तिथे तुम्ही हसता. नेहमी तिथेच हसता, पुढचं वाक्य वाचण्याआधी, आणि दादानं तेवढी जागा सोडली होती. बाईसाहेबांनी कान दाराकडे वळवले. मीसुद्धा मागे वळून बघितलं, आता काय सांगू. मग दादानं पुढचं वाक्य म्हटलं. पुढच्या हसण्याच्या जागीही तो तसाच थांबला. त्याच्या पुढच्या जागी पोचल्यावर मात्र त्याला पुढे म्हणता येईना. त्यानं बाईसाहेबांच्या मानेवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, मलाही नाही जमत गं.

मी विनोदी माणूस आहे, असं तुम्हीच म्हणता. पण तिथे मला हसू आलं नाही. मी तसाच मागच्या मागे घरात आलो आणि दोन कप चहा केला, न गाळता.

असो. तर गाळणीचं तेवढं कळवा. पुतणीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. तुम्ही तब्येतीला जपा आणि इकडची अजिबात काळजी करू नका.

तुमचा आज्ञाधारक आणि सध्या एका कुशीवर झोपणारा,
धाकटा दीर

ता. क. गाळणी सापडली. तुमच्या गुलाबांच्या वाफ्यात होती. सांडणारं पाणी गाळणीतून सांडलं तर मुळाजवळची माती वाहून जात नाही, असं दिसतंय. दादा म्हणतो, वाऱ्यानं उडून गेली असेल. गाळणी पितळेची आहे.

आणखी एक ता. क. गाळणी सापडल्यामुळे आता या पत्राला काही कारण उरलं नाही, म्हणून खरं ते लिहितो. ते पुस्तक पार्सलनं पाठवता का? तुम्ही सावकाश या, पुस्तक तेवढं पुढे पाठवा, म्हणजे मी वाचून बघेन. (हे वाचून आत्या म्हणाली की पुस्तक एकटं आलं तर ती ते चुलीत घालेल. तेव्हा पाठवू नका. काय करायचं ते तुम्हाला कळतंच.)

शेवटचा ता. क. या पत्राविषयी दादाला काहीही ठाऊक नाही, हे लिहायचं राहिलं होतं. ते लिहायच्या आधीच घोटाळा झाला. पत्र टेबलावर ठेवून मी कोंबड्या कोंडायला गेलो. परत आलो तर दादा चष्मा लावून शेवटच्या पानावर. मला वाटलं, आता पत्र फाडतो. त्यानं फाडलं नाही. पंपाच्या नटाचं मी उगाच वाढवून लिहिलंय, तो लहान होता, एवढंच म्हणाला. मग टेबलावरचं पेन घेतलं, बराच वेळ नुसतं धरून बसला, आणि पानाच्या अगदी तळाशी जे आहे ते लिहून फाटकाकडे निघून गेला. अक्षर त्याचं आहे, मी त्यात काही केलेलं नाही.

थोरला अजून वरच आहे. हवा काही तितकीशी छान नाही. शिडी घेऊन ये.